घरची बाग, घरची वायनरी: गणित बाटलीपासून मांडा

निफाड, दिंडोरी, चांदवड या भागात ऐन काढणीत अवकाळी झाला, मणी तडकले आणि व्यापाऱ्यानं ठरलेला भाव पाडला, की घराघरांत एक प्रश्न निघतो: "आपणच वाइन केली तर?" बहुतेक वेळा शिकून परत आलेला मुलगा किंवा मुलगी तो विचारते आणि वडीलधारे तो उडवून लावतात. मला हा प्रश्न उडवून लावण्यासारखा वाटत नाही. द्राक्ष चार दिवसांत विकलं नाही तर मातीमोल होतं. चांगली वाइन मात्र वर्ष-दोन वर्षं थांबू शकते. स्वतःच्या मालाला स्वतःचं नाव लावून विकण्याचा हा एक खरा मार्ग आहे, आणि नाशिक जिल्ह्यात तो चालून दाखवलेली घरं आहेत. कुंदेवाडीची रेव्हिलो वायनरी हे त्यातलं ठळक उदाहरण. गंगापूर धरणाजवळची यॉर्क वायनरीही एका कुटुंबानं उभी केली, नावारूपाला आणली आणि पुढे २०२१ मध्ये ती सुला या मोठ्या वाइन कंपनीनं घेतली.

अडचण एवढीच की बागायतदार माणूस या प्रश्नाचं उत्तर बागेपासून शोधायला लागतो. किती एकर लावू, कुठली जात लावू, रोपं कुठून आणू? छोट्या कुटुंबानं उलट्या टोकापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी बाटल्या किती खपतील ते ठरवायचं, त्यावरून टाक्या आणि टाक्यांवरून एकर.

बाटलीपासून एकरापर्यंत

धरून चालू की घरच्यांनी वर्षाला १२,००० बाटल्या करायचं ठरवलं. बाटली ७५० मिलीची, म्हणजे ९,००० लिटर वाइन. एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. मधला आकडा ६५० धरला तर सुमारे १४ टन द्राक्षं लागतील. गाळात जाणारं, चाखण्यात जाणारं, पंपात आणि पाइपात राहणारं जमेस धरून १५ टन म्हणू. वाइनच्या चांगल्या बागेतून एकरी ५ टन काढायचे ठरवले तर ३ एकर पुरे.

तीन एकर! दहा-पंधरा एकर द्राक्ष सांभाळणाऱ्या घराला हा आकडा किरकोळ वाटतो. पण दुसरं टोक बघा. १२,००० भागिले ५२, म्हणजे दर आठवड्याला २३० बाटल्या विकल्या गेल्या पाहिजेत. पावसाळ्यात, श्रावणात, परीक्षांच्या दिवसांतसुद्धा. तुमच्या वायनरीच्या दारात शनिवार-रविवारी मिळून ५० गाड्या आल्या आणि प्रत्येकानं दोन-दोन बाटल्या घेतल्या, तरी १०० झाल्या. उरलेल्या १३० कोण घेणार, हे टाकीची ऑर्डर देण्याआधी माहीत हवं. माझ्या मते तीन एकरसुद्धा सुरुवातीला जास्त आहेत. एका एकरात ४,००० च्या पुढे बाटल्या होतात, आणि पहिल्या दोन हंगामांत तेवढ्या नीट विकून दाखवणं हे मोठं काम आहे.

हा सावधपणा उगाच नाही. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या. पुढच्या सात-आठ वर्षांत वायनऱ्या भराभर निघाल्या आणि त्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ ची मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. कारखान्यांत माल पडून राहिला, शेतकऱ्यांचे पैसे थकले, आणि वाइनचं द्राक्ष खायला कोणी घेत नाही, त्यामुळे अनेकांनी बागा उपटल्या. त्या वेळी लागवड कमी पडली नव्हती, द्राक्षही वाईट नव्हतं. बाटली विकायची तयारी कमी पडली होती.

खायच्या द्राक्षाची सवय मोडावी लागते

थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस करणाऱ्या माणसाचा हात पक्का असतो, आणि वाइनच्या बागेत तोच हात आधी आवरावा लागतो. खायच्या द्राक्षात मणी फुगवायचा असतो. त्यासाठी जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं (डिपिंग), विरळणी, पाणी, खत सगळं चालतं. वाइनच्या द्राक्षात मणी लहानच हवा. रंग, सुगंध आणि तुरटपणा हे सगळं सालीत आणि सालीलगत असतं. मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. बी असलेलं, जाड सालीचं, वाटाण्याएवढं द्राक्ष. बाजारात ते कोणी उचलणार नाही, टाकीत मात्र सोनं आहे.

उत्पादनाचंही तसंच. टेबल ग्रेपमध्ये, म्हणजे खायच्या द्राक्षात, एकरी १०-१२ टन निघाले की गावात नाव होतं. वाइनच्या बागेत तेवढे घड ठेवले तर साखर चढत नाही, रंग फिका येतो आणि वाइन पाणचट होते. ९ बाय ५ फुटांवर लागवड केली तर एकरात सुमारे ९६८ वेली बसतात. ५ टनांचं लक्ष्य म्हणजे वेलीला पाच किलोच्या आसपास. बाकीचे घड हातानं काढून जमिनीवर टाकायचे. पंचवीस वर्षं द्राक्ष केलेल्या बापाला हे करायला सांगणं सोपं नाही. घरात यावर एकमत झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. खायच्या द्राक्षाचा खाली राहिलेला, तडकलेला, व्यापाऱ्यानं नाकारलेला माल टाकीत घालून वाइन होईल, ही आशा सोडून द्या. दारू तयार होईल, पण ज्याच्यावर घराचं नाव छापावं अशी वाइन होणार नाही. तो माल बेदाण्याला द्या.

जमीन, खुंट आणि जात

खोल काळी जमीन उसाला बरी. वाइनच्या वेलीला मुरमाड, निचऱ्याची, उताराची जमीन मानवते, कारण वेल पानांत रमत नाही आणि मुळाशी पाणी साचत नाही. दिंडोरीच्या, इगतपुरीकडच्या डोंगरउतारांवर वायनऱ्या दिसतात त्या केवळ देखाव्यासाठी नाहीत. लागवडीआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, विशेषतः क्षार आणि चुनखडी. मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं मार्गदर्शन यासाठी उपलब्ध आहे, त्याचा फायदा घ्या.

आपल्याकडे वेल स्वतःच्या मुळावर न लावता खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर, कलम करतात. टेबल ग्रेपसाठी डॉगरिज सर्रास वापरतात, पण तो वेलीला फार जोर देतो. वाइनसाठी ११० आर किंवा ११०३ पॉल्सनसारखे खुंट जास्त योग्य ठरतात. जानेवारी ते मार्चमध्ये खुंटरोप लावायचं, पावसाळा सरता सरता त्यावर कलम करायचं, थंडी संपताना रिकट घेऊन (कलमाची फूट पुन्हा खाली छाटून) खोड आणि ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, तयार करायचा. पहिलं बरं पीक हाती यायला लागवडीपासून दोन वर्षं जातात आणि वेल खऱ्या अर्थानं बसायला तीन-चार.

जातींबद्दल पुस्तकी यादी देत नाही. एकच पांढरी जात लावायची असेल तर शेनिन ब्लाँ लावा. आपल्या उन्हातही ती आम्लता बऱ्यापैकी टिकवते, उत्पादन देते, आणि तिच्यापासून कोरडी, किंचित गोड, फसफसणारी अशी वेगवेगळी वाइन करता येते. तिचा दोष म्हणजे घड घट्ट असतो, त्यामुळे उशिराच्या पावसात आतून कुजतो. सोव्हिन्यों ब्लाँचा सुगंध छान, पण तोडणीला दोन दिवस उशीर झाला तर तो उडालेला असतो. तांबड्यात शिराझ आपल्याकडे सर्वांत भरवशाची. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते आणि तिला संयम लागतो. सुरुवात एक पांढरी, एक तांबडी. बस्स. पाच जाती लावणाऱ्या छोट्या वायनरीला पाच लहान टाक्या, पाच लेबलं आणि पाचपट डोकेदुखी होते.

दोन छाटण्या, एक पीक

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, वेल वर्षभर वाढत राहते. म्हणून आपण तिची दोनदा छाटणी करतो. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावरची गोडी छाटणी. एप्रिलनंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे सूक्ष्मघड तयार होतात. त्या दिवसांत पाण्याचा ताण, ऊन आणि विरळ पालवी यांचं तंत्र जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतात. तंत्र चुकलं तर फक्त पानं आणि बाळ्या, म्हणजे घडाच्या जागी नुसते तंतू. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात, हे टेबल ग्रेपवाल्यांना सांगायची गरज नाही.

त्यातूनच आपल्या वाइनचा मोठा प्रश्न निघतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकतं तेव्हा शरद ऋतू लागलेला असतो, दिवस थंड होत जातात. आपलं द्राक्ष जानेवारीत पिकू लागतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं, म्हणजे दिवस तापत जाताना. उष्णतेत द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते. त्यामुळे साखर धावत वर जाते, आम्लता धावत खाली येते, पण बी आणि साल अजून कच्चीच असते. नाशिकचा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरचा पठारी भाग आणि जानेवारीतल्या गार रात्री यामुळे आम्लता थोडी टिकते. या रात्रींवरच आपल्या वाइनची चव उभी आहे.

तोडणीचा दिवस

हा दिवस कसा ठरवतात ते जवळून बघण्यासारखं आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, बागेच्या दोन्ही अंगांनी, वरच्या आणि खालच्या घडांतून मिळून शंभर-दोनशे मणी गोळा करायचे. एकाच गोड दिसणाऱ्या घडातून नाही. ते पिशवीत कुस्करून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या छोट्या यंत्रावर, टाकायचा. टेबल ग्रेप १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, वाइनला साधारण २१ ते २४ लागतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणजे २२-२३ ब्रिक्सच्या रसातून १२-१३ टक्क्यांची वाइन.

पण ब्रिक्स हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं पीएच मीटर देतो आणि जीभ देते. पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त. पांढऱ्यासाठी पीएच ३.२-३.४ च्या आसपास, तांबड्यासाठी ३.५-३.६ पर्यंत ठीक. ३.८ च्या पुढे गेला की वाइन जिवाणूंना बळी पडते आणि तिला सांभाळणारा सल्फर डायऑक्साइडही तितका लागू पडत नाही. मग मणी तोंडात टाकून बी चावून बघायची. हिरवी, कडवट असेल तर थांबा. तपकिरी होऊन कुटकन फुटत असेल, भाजल्यासारखी लागत असेल, तर बाग तयार आहे. हे रोज करायचं, त्याच वेळी करायचं, आणि वहीत लिहायचं. तीन-चार हंगामांनंतर ती वही कुठल्याही सल्लागाराइतकी कामाची होते.

तोडणी पहाटे सुरू करून नऊ-दहाला थांबवा, पांढऱ्याची तर नक्कीच. गरम द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं आणि ते थंड करायला चिलरला दुप्पट वीज लागते.

फवारणीचंही इथेच सांगतो. डाऊनी, भुरी, करपा, मिलीबग हे शत्रू दोन्ही बागांत सारखेच. पण काढणीच्या तोंडावर भुरीसाठी गंधक मारलं आणि ते मण्यांवर राहिलं, तर टाकीत यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. शेवटच्या फवारण्या वाइनचा विचार करून ठरवा. कीटकनाशकांच्या प्रतीक्षा काळाशी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायच्या दिवसांशी, तर तडजोड नकोच.

टाकीत काय घडतं

मूळ क्रिया अगदी साधी आहे. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं, उष्णता सोडतं. सगळं कौशल्य ही क्रिया आवरण्यात आहे.

पांढरी वाइन करताना द्राक्ष दाबून रस लगेच वेगळा करतात, रात्रभर थंड ठेवून गाळ खाली बसू देतात आणि निवळ रस १२ ते १६ अंशांत दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात. थंडाव्यामुळे सुगंध टिकतो. बाहेर मार्चमधलं ३७-३८ अंशांचं ऊन आणि टाकीत १४ अंश, हे चिलरशिवाय अशक्य. म्हणून छोट्या वायनरीतही दुहेरी भिंतीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, चिलर आणि वीज गेली तर जनरेटर, या तीन गोष्टींत काटकसर करू नये. इमारत साधी पत्र्याची चालेल, आतून इन्सुलेशन हवं.

तांबड्यात साल आणि बियांसकट आंबवतात, साधारण २५-२८ अंशांत, एक-दोन आठवडे. वायूमुळे साली वर येऊन जाड थर बसतो. तो दिवसातून दोन-तीनदा दाबून खाली ढकलावा लागतो किंवा खालचा रस पंपानं वर फिरवावा लागतो. नाही तर थर सुकतो, तिथं आंबूस जिवाणू वाढतात आणि व्हिनेगर होतं. रंग आणि तुरटपणा उतरला की दाबून चोथा वेगळा काढतात. मग तांबड्यात सहसा दुसरं आंबवण होतं. त्यात जिवाणू कडक मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात. विरजण लावल्यावर दह्यात येतं तेच हे आम्ल, आणि वाइनही तशीच मऊ लागायला लागते.

मध्येच आंबवण मंदावतं. बहुतेकदा कारण नायट्रोजनची कमतरता असतं. तेव्हा यीस्टला अन्न म्हणून डायअमोनियम फॉस्फेट देतात. नाव ओळखीचं आहे, डीएपीच ते. पण गोठ्याजवळच्या पोत्यातलं शेतीचं डीएपी चुकूनही वापरायचं नाही. खाद्य दर्जाचं वेगळं मिळतं, तेच घ्या.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, गड्यांना, टाकी धुवायला आलेल्या पोराला, सगळ्यांना सांगून ठेवा. आंबवणात निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, बंद खोलीत साचून राहतो. तो दिसत नाही. टाकी धुवायला किंवा चोथा काढायला टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला वाचवायला धावत उतरलेला दुसराही. जगभरात वायनऱ्यांत अशी माणसं गेली आहेत. टाकी वाऱ्यानं पूर्ण मोकळी केल्याशिवाय, मीटरनं ऑक्सिजन तपासल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय आत कोणी उतरायचं नाही. घरचा धंदा आहे म्हणून हा नियम सैल करायचा नाही. घरचा आहे म्हणूनच तो जास्त कडक पाळायचा.

पुढची कामं संयमाची आहेत: गाळावरून वाइन काढून घेणं, थंड करून टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे आधीच पाडणं, बेंटोनाइट मातीनं प्रथिनं बसवणं, हवा लागू न देणं, मोजून सल्फर डायऑक्साइड देणं, गाळणं, भरणं. ओकच्या पिंपांचं मोह पाडणारं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. २२५ लिटरचं फ्रेंच ओकचं पिंप लाखाच्या घरात जातं, त्यात ३०० बाटल्या मावतात, आणि तीन-चार वेळा वापरल्यावर त्याची चव उतरणं जवळपास थांबतं. पहिल्या वर्षी पिंपं नकोत. ताजी, फळाची चव असलेली पांढरी वाइन आधी नीट जमवा.

स्वच्छतेबद्दल वेगळा परिच्छेद लिहायला हवा, पण एका वाक्यात सांगतो: वायनरीतलं निम्मं काम टाक्या, नळ्या आणि फरशी धुण्याचं असतं, आणि ते जमत नसेल त्यानं या धंद्यात पडू नये.

परवाना आणि कर

घरी हौसेनं चार कॅन भरून बघणं हासुद्धा परवान्याशिवाय गुन्हा आहे. राज्यात वाइनचं उत्पादन दारूबंदी कायद्याखाली, १९६६ च्या बिअर आणि वाइन उत्पादन नियमांनुसार होतं आणि परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. त्याशिवाय अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, लेबलची नोंदणी. वायनरीच्या सांडपाण्यात साखर आणि आम्ल भरपूर असतं, ते ओढ्याला सोडता येत नाही. शुद्धीकरणाची छोटी सोय आराखड्यातच धरा. चोथ्याचं कंपोस्ट होतं, ते बागेला परत जातं. उत्पादन शुल्काची रजिस्टरं रोजची रोज भरायची असतात. किती रस आला, किती वाइन झाली, किती घट. हे काम घरातल्या नेमक्या एका माणसाकडे द्या. ज्याला लिखापढीची आवड आहे, त्याच्याकडे.

करांचा एक बारकावा अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, वाइनही. त्यामुळे बाटल्या, बूच, खोकी, यंत्रं यांवर भरलेला जीएसटी तुम्हाला वजा करून मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. विक्रीवर राज्याचा व्हॅट लागतो, २० टक्के. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनवर त्यातले १६ टक्के परत देणारी प्रोत्साहन योजना मध्यंतरी थांबली होती. २०२३ च्या अखेरीस मंत्रिमंडळानं ती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. या परताव्याला आधाराचे पैसे म्हणा, पण महिन्याच्या खर्चात धरू नका. तो कधी येईल ते तुमच्या हातात नाही.

राज्याबाहेर विकायचं स्वप्न पहिली काही वर्षं बाजूला ठेवा. प्रत्येक राज्याची वेगळी लेबल नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळी रीत. गोवा असो की कर्नाटक, छोट्या उत्पादकाला दोन-चारशे खोक्यांसाठी ते परवडत नाही.

पैसा कुठे अडकतो

समजा २०२६ च्या सुरुवातीला खुंट लावला. पहिलं पीक २०२८ च्या फेब्रुवारीत. त्याची पांढरी वाइन पावसाळ्यात बाटलीत, दिवाळीच्या सुमारास विक्रीला. तांबडी थोडी मुरवली तर २०२९. दुकानदार आणि वितरक उधारीवर माल घेतात, ते दोन-तीन महिने धरा. म्हणजे खिशातून पहिला रुपया गेल्यापासून परत यायला तीन वर्षं, आणि दर फेब्रुवारीत जुना माल विकला जायच्या आत नव्या मालासाठी टाक्या, बाटल्या, मजुरी पुन्हा उभी करायची. वायनऱ्या बुडतात त्या बहुधा इथे, खेळत्या भांडवलात. कर्ज घेताना बँकेला यंत्रांची किंमत दाखवतात आणि दोन हंगामांचा माल गोदामात ठेवायचा खर्च दाखवायचा राहतो. तो आधी मांडा.

म्हणूनच टेबल ग्रेपची बाग सगळी मोडून वाइनची लावू नये. घराचं चूल-पाणी जुन्या बागेवर चालू ठेवा आणि एक कोपरा वाइनला द्या.

कोण घेणार

दारूची थेट जाहिरात करता येत नाही. परमिट रूम आणि वाइन शॉपमध्ये शेल्फ मिळवायचं तर मोठ्या कंपन्यांशी गाठ. सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारनं जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता. त्याला अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. त्या विरोधामागची दारूच्या व्यसनाची काळजी खरी आहे, आणि वायनरी काढणाऱ्या घरानं तिचा मान ठेवला पाहिजे. राज्यात वाइनसाठी किमान वय २१ आहे. चाखायला आलेल्याचं वय विचारा, गाडी चालवणाऱ्याला ओतू नका, यात कसलीही भीड नको.

छोट्या वायनरीचा खरा ग्राहक तिच्या दाराशी येतो. मुंबई नाशिकपासून सुमारे १६५ किलोमीटर, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यावर आणखी जवळ आली. पुण्याहूनही लोक येतात. चाखण्याच्या खोलीचा परवाना घेऊन दारात विकलेल्या बाटलीत वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा वाचतो, आणि पैसे रोख येतात. आलेल्या माणसाला मोठ्या वायनऱ्यांत मिळत नाही ते तुमच्याकडे मिळतं: छाटणी करणारा, वाइन करणारा आणि ग्लास भरणारा माणूस एकच. त्याला वेलीजवळ न्या, शेनिनचा मणी खायला द्या आणि मग त्याच ओळीची वाइन चाखवा. सोबत जेवण द्यायचं तर चीज आणि ऑलिव्ह शोधत बसू नका. थंड शेनिनबरोबर कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, तळलेली बोंबील-सुरमई उत्तम जाते, आणि शिराझ मटणाच्या काळ्या रश्शाला पुरून उरते. फक्त रस्सा फार जाळ असेल तर अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं, तेव्हा तिखट आवरा.

सुरुवात कुठून

जागा, टाक्या, चिलर यांत पैसे घालायच्या आधी दोन हंगाम दुसऱ्याच्या परवानाधारक वायनरीत आपली द्राक्षं गाळून घ्या. अनेक वायनऱ्यांत टाक्या अर्ध्या रिकाम्या असतात आणि भाडं मिळालं तर त्यांनाही हवंच असतं. कायद्याच्या चौकटीत हे कसं बसवायचं ते उत्पादन शुल्क कार्यालयात आधी लेखी विचारून घ्या. करार करताना चार गोष्टी लिहून घ्या: तुमची द्राक्षं दुसऱ्या मालात मिसळणार नाहीत, टाकीचं तापमान कोण बघणार, वाइन बिघडली तर नुकसान कोणाचं, आणि बाटल्या किती दिवसांत उचलायच्या. काढणीच्या त्या सहा आठवड्यांत घरातला एक जण तिथं रोज हजर ठेवा, टाक्या धुवायलासुद्धा. एक टन शेनिन, एक टन शिराझ, दोन्ही मिळून सतराशेच्या आसपास बाटल्या. त्या वर्षभरात कोणी घेतल्या, कितीला घेतल्या आणि पुन्हा मागायला कोण आलं, याचा हिशेब हातात आला की स्वतःच्या टाक्या किती लिटरच्या मागवायच्या ते ठरवता येईल.